सभेला जाऊन होतं काय? उपनगरवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण एवढंच विचारलं होतं की तुमच्या भागात वॉर्डाच्या, गावाच्या, मोहल्ल्याच्या ज्या सभा होतात त्यांना तुम्ही जाता का, आणि जात नसाल तर का नाही. मला वाटलं दहा-बारा पत्रं येतील. मेलबॉक्स भरला हो. निम्म्या लोकांनी उत्तर न देता उलट मलाच प्रश्न विचारलेत, म्हणून यावेळी सगळी जागा त्यांनाच. नावं छापलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी "नगरसेवक ओळखीचे आहेत, नाव नको" असं लिहिलंय, आणि ते कळण्यासारखं आहे.

ताई नमस्कार, आमच्या सोसायटीसमोर रस्त्यावर गटाराचं पाणी येतंय, वर्ष होऊन गेलं. आता निवडणूक झाली तर एकाच्या जागी चार नगरसेवक आलेत. 'अ' वाले म्हणतात ते 'क' वाल्यांकडे आहे, 'क' वाले म्हणतात ड्रेनेजचं मी बघत नाही. शेवटी एकाने सांगितलं प्रभाग समितीच्या सभेत या आणि बोला. आम्ही चार-पाच जणी हाफ डे टाकून गेलो तर शिपायाने दारातच बाहेर बसवलं. मग आपण बोलायचं तरी कुठे?
— एक वाचक, ठाणे जिल्हा

शिपायावर रागावू नका, तो नियमानेच वागला. प्रभाग समितीची सभा असते नगरसेवकांची आणि अधिकाऱ्यांची, शिवाय सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात (ते कधी नेमतात आणि कोणाला हा वेगळा लेख होईल). तुम्हीआम्ही तिथे गेलो तर ऐकू शकतो, तेही परवानगी मिळाली तर, बोलायचा हक्क नाही. ज्या सभेत मतदार म्हणून तुम्हाला बोलायचा हक्क आहे तिचं नाव क्षेत्रसभा, आणि ती कुणाला माहीतच नसते! 74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, तिच्यातून प्रभाग समित्या आल्या, पण सामान्य माणूस त्यात कुठेच नव्हता, म्हणून 2009 मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभा घातली. त्या भागाचे मतदार हे सदस्य, नगरसेवक अध्यक्ष, दोन वर्षांत किमान चार सभा घ्यायच्या आणि नाही घेतल्या तर पद जाऊ शकतं असंही कायद्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला दिसतंच आहे. त्यात मधली काही वर्षं तर नगरसेवकच नव्हते, तुमच्या जिल्ह्यात कुठे 2020 पासून कुठे 2022 पासून प्रशासक बसलेला, त्यामुळे ही सवय कधी लागलीच नाही. जानेवारी 2026 मध्ये 29 महापालिकांच्या निवडणुका झाल्या, आता "सभा घेणारा माणूसच नाही" हे कारण संपलं.

आता तुमचे अ-ब-क-ड. हे चार तुकडे जागांचे आहेत, रस्त्यांचे नाहीत. आरक्षण ठरवायला आणि मत द्यायला ती अक्षरं, निवडून आल्यावर चौघेही अख्ख्या प्रभागाचे. त्यामुळे "माझ्याकडे नाही" हे उत्तर चालवून घेऊ नका. चौघांच्या नावाने एकच पत्र लिहा, क्षेत्रसभा कधी घेताय ते तारखेसकट विचारा, आणि प्रत प्रभागाच्या सहायक आयुक्तांना.

आणि गटाराचं म्हणाल तर आधी एक गोष्ट बघून घ्या, पाणी पावसाळ्यातच येतं की बाराही महिने? बाराही महिने येत असेल आणि वास असेल तर ते पावसाळी गटाराचं पाणी नाही, कुठेतरी मलवाहिनी तुंबलीय किंवा फुटलीय. दोन्हीची खाती वेगळी असतात, आणि तुमच्या अर्जात नुसतं "गटार" लिहिलं की तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, प्रत्येक जण खरंच सांगत असतो की हे आमचं नाही. जागा सांगताना "आमच्या सोसायटीसमोर" लिहू नका, त्या माणसाला तुमची सोसायटी माहीत नाही. जवळच्या दिव्याच्या खांबावर रंगाने नंबर लिहिलेला असतो तो लिहा, त्यावरून कनिष्ठ अभियंता बरोब्बर तिथे येऊन उभा राहतो.

मग अर्जाच्या दोन प्रती घेऊन आवक-जावकच्या खिडकीवर जायचं. साहेबांच्या केबिनमध्ये नाही. साहेब गोड बोलतात, अर्ज ठेवून घेतात, "बघतो ताई" म्हणतात आणि तो अर्ज काचेखाली जातो. खिडकीवरची बाई मान वर न करता अर्ज घेते, एक प्रत सुईला टोचते, दुसरीवर गोल शिक्का मारून तारीख आणि आवक नंबर टाकते, आणि तुमच्याकडे सरकवते. ही पोच. शिक्का मारलाय पण नंबर टाकलेला नाही असं असेल तर तिथून हलू नका, मागे लाइन लागली तरी. पुढे सभेत "आम्ही अमुक तारखेला अमुक नंबरचा अर्ज दिला होता, त्याचं काय झालं" असं विचारलं की अधिकाऱ्याला फाईल उघडावी लागते, आणि नंबर नसला की मग भाषण होतं, टाळ्या होतात, चहा होतो, घरी जातो.

सभा झाली की आठवड्याभराने इतिवृत्त मागा. तुमचा विषय त्यात आला नसेल तर लेखी कळवा की आमचा मुद्दा नोंदवलेला नाही. सभेत काय बोललं गेलं याला फार किंमत नसते, वहीत काय उतरलं त्याला असते.

पुण्यात नागरिकांनी बजेटमध्ये काम सुचवायची योजना आहे म्हणे. खरी का? कधी आणि कुठे द्यायचं?
— कात्रजकडचे एक काका

खरी आहे काका, आणि जुनी आहे, 2006-07 पासून चालू आहे. बहुतेक वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला, म्हणजे साधारण गणपतीच्या आगेमागे फॉर्म निघतात, क्षेत्रीय कार्यालयात मिळतात आणि आता ऑनलाइनही भरता येतात. कामं छोटी हवीत, पदपथ, दिवे, बसथांबा, बाक, सार्वजनिक स्वच्छतागृह अशी. उड्डाणपूल सुचवू नका, लोक सुचवतात! जागा महापालिकेची आहे का तेवढं आधी बघा, कारण सोसायटीच्या आतल्या रस्त्याची सुचवलेली कामं पहिल्या चाळणीतच उडतात. आणि मार्चमध्ये बजेटचं पुस्तक आलं की आपलं काम छापून आलंय का ते शोधा. फॉर्म देणारे खूप, शोधणारे कमी.

आम्ही पुण्याजवळ मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतो, पण हद्द ग्रामपंचायतीची आहे. टॅक्स आम्ही भरतो, पाणी टँकरचं, कचरा खाजगी गाडीवाला नेतो. ग्रामसभेला गेलो तर गावकरी म्हणतात तुम्ही बाहेरचे. आमच्यातले काही जण म्हणतात जाऊच नका, महापालिकेत जाईपर्यंत वाट बघू. काय करावं?
— आयटीवाला, हिंजवडी परिसर

वाट बघून काय मिळतं ते आधी सांगते. 2021 च्या जूनअखेर पुणे महापालिकेत 23 गावं आली. तिथल्या लोकांना विचारा, हद्दीत आल्या आल्या नळाला पाणी आलं का म्हणून. टॅक्सचं बिल लवकर येतं, जलवाहिनी सावकाश येते. तेव्हा महापालिका येईल तेव्हा येईल, तोवर ग्रामसभा सोडू नका.

"बाहेरचे" हा शब्द मनाला लागतो पण कायद्यात प्रश्न एकच आहे, तुमचं नाव त्या गावाच्या मतदार यादीत आहे का? ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावाचा मतदार, फ्लॅटचा मालक नव्हे. तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये किती जणांची नावं अजून नांदेडला, नागपूरला, कोल्हापूरला आहेत ते एकदा मोजा, म्हणजे गावकरी असं का म्हणतात ते कळेल. नाव हलवायला फॉर्म 8, पहिल्यांदाच नोंदवायचं असेल तर फॉर्म 6, दोन्ही मोबाईलवरून होतात. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडून करतात, त्यामुळे तिथे नाव आलं की इथे येतं. हे काम कमिटीने एका रविवारी क्लब हाऊसमध्ये टेबल टाकून करून टाकावं.

मग ग्रामसभा. वर्षाला किमान चार घ्याव्या लागतात, बहुतेक ठिकाणी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास. नोटीस सात दिवस आधी निघते, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, काही गावात दवंडी पण देतात, तुमच्या गेटच्या आत दवंडीवाल्याला सिक्युरिटी सोडत नाही हे वेगळं. नोटीस कॉम्प्लेक्सच्या ऑफिसला पण द्या असं लेखी पत्र सरपंचांना देऊन ठेवा. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. मोठ्या गावात म्हणजे 100 माणसं झाली. शंभर! तुमच्या एका टॉवरमध्ये त्याहून जास्त मतदार असतील. आणि गणपूर्ती नाही झाली की सभा तहकूब होते, मग तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, जे हजर असतील ते ठरवतात, फक्त नवीन विषय घेता येत नाही. गावात कित्येक ठराव असेच तहकूब सभेत होतात, बेकायदेशीर काही नाही त्यात, तुम्ही आला नाहीत एवढंच.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती नावापुरती होते बऱ्याचदा. तुमच्याकडच्या बायकांनी तिथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. तिथे भांडण कमी असतं, पाणी आणि कचरा हे दोन विषय गावातल्या बायकांचेही तेच असतात, आणि त्या सभेतून आलेला विषय मुख्य सभेत "बाहेरच्यांचा" राहत नाही.

टॅक्स भरतो हे वाक्य मात्र पहिल्या सभेत बोलू नका. खरं आहे, पण समोरच्याच्या जमिनीवर तुमचा टॉवर उभा आहे, त्याला त्याची भरपाई मिळालेली असो नसो, आणि तोही टॅक्स भरतोच. त्याऐवजी गावाचा विकास आराखडा होतो तेव्हा जा, तो साधारण ऑगस्टपासून पुढच्या काही महिन्यांत ठरतो आणि वित्त आयोगाचे पैसे कशावर खर्च होणार ते त्यात लिहितात. तुमच्यातल्या कुणी इंजिनीअरने सांडपाण्याचा हिशेब नीट मांडून दिला, म्हणजे कॉम्प्लेक्समधून किती पाणी बाहेर पडतं आणि कुणाच्या शेतात जातं हे कबूल करून, तर ऐकून घेतात. टँकरबद्दल तुमची तक्रार आहे तशी तुमच्या एसटीपीबद्दल, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेबद्दल, गावाची आहे, हे विसरू नका.

लोकशाही दिनाला गेले होते, रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची तक्रार घेऊन. अर्जच घेतला नाही. असं कसं?
— निवृत्त शिक्षिका, मुंबई उपनगर

बाई, लोकशाही दिनात, म्हणजे महिन्यातून एकदा अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकायला बसतात त्या दिवशी, तक्रार स्वतःची, वैयक्तिक लागते. सगळ्यांच्या वतीने म्हणून नेली की परत पाठवतात. कोर्टात चालू असलेलं, अपिलात असलेलं, नोकरीतल्या आस्थापनेचं, हेही घेत नाहीत. जिल्ह्याला आणि महापालिकेत महिन्याचा पहिला सोमवार, तालुक्याला तिसरा, विभागीय आयुक्तांकडे दुसरा. अर्ज विहित नमुन्यात, 15 दिवस आधी, दोन प्रतींत. त्याच दिवशी हातात कागद घेऊन गेलात तर कितीही खरं असलं तरी उपयोग नाही. तुमचा विषय "माझ्या बिल्डिंगच्या दारातून मला बाहेर पडता येत नाही" असा मांडता आला तर तो तुमचा वैयक्तिक होतो, आणि खरंही असेल तर तसाच मांडा.

वडील गेल्यावर मालमत्ता कराच्या बिलावर आईचं नाव लावायचंय. सगळे कागद दिलेत, चार महिने "सर्व्हर डाऊन". बाहेर एक जण म्हणतो मी करून देतो, पैसे पडतील. काय करू?
— एक वाचक, ठिकाण लिहू नये

पैसे देऊ नका. 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, कुठली सेवा किती दिवसांत द्यायची, कोण देणार आणि अपील कोणाकडे, याचा फलक प्रत्येक कार्यालयात लावायचाच आहे. जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या फिल्टरमागे असतो बहुतेक. तिथे तुमच्या सेवेसमोर जेवढे दिवस लिहिलेत ते उलटून गेले असतील तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत अपील टाका, मग दुसरं अपील, मग आयोग. विनाकारण उशीर केला म्हणून ठरलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड, तोही त्याच्या खिशातून. रक्कम छोटी आहे पण सर्व्हर पटकन अप होतो. मुदत उलटून गेली म्हणून फार वेळ गेला असं वाटत असेल तरी आधी फलक बघा, आणि अर्जाची पोच आहे ना, ती काढून ठेवा.

आमचा रस्ता वर्षात दोनदा खोदला. कंत्राटदार कोण, पैसे किती, कोणी काही सांगत नाही. माहिती अधिकार टाकला की महिना जातो. दुसरा मार्ग आहे का?
— पश्चिम उपनगरातला तरुण

आहे, आणि मला फार आवडतो तो. दर सोमवारी दुपारी 3 ते 5. पुणे महापालिकेत महेश झगडे आयुक्त असताना 2009 मध्ये हे सुरू झालं, नागरिकांनी यावं आणि फाईल बघावी, माहिती अधिकाराचा अर्ज न करता. 2018 च्या शेवटी शासनाने निर्णय काढून राज्यभर जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये लागू केलं. सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी. गेल्यावर "असं काही नसतं" ऐकायला मिळण्याची शक्यता भरपूर, म्हणून निर्णयाची प्रिंट खिशात ठेवा, भांडू नका, दाखवा.

फाईल पुढ्यात आली की पहिल्यांदा जाडजूड टिपणी वाचत बसू नका, दोन तासांतला एक त्यातच जातो. कार्यादेश काढा, त्यात कंत्राटदार, रक्कम, काम संपायची तारीख. मग दोष दायित्व कालावधी बघा, म्हणजे इतकी वर्षं रस्ता बिघडला तर त्याच कंत्राटदाराने पदरच्या पैशाने नीट करायचा. मग एमबी, मापाची पुस्तिका. त्यात किती लांब, किती रुंद, किती जाड असं तारखेनिशी लिहिलेलं असतं आणि त्यावरच बिल निघतं. तुमच्या गल्लीची लांबी तुम्ही चालून मोजू शकता की. एमबीतली लांबी आणि गल्लीची लांबी जुळली नाही तर बाकी काही बोलायची गरज पडत नाही. पानं हवी असतील तर पानाला 2 रुपये.

आणि दोनदा खोदला म्हणजे दरवेळी रस्ते खात्यानेच असं नाही, केबलवाले, गॅसवाले, पाणीवाले परवानगी घेऊन खोदतात आणि चर बुजवायचे पैसे आधी भरतात. ती खोदाई परवानगी पण मागा, तिच्यावर तारखा असतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर कचऱ्यावरून रोज शंभर मेसेज, मीटिंग बोलावली तर तीन जण. त्यातला एक वॉचमन. काही उपाय?
— सेक्रेटरी, नाइलाजाने

वॉचमनला बोलू द्या, कचरा कोण कुठे टाकतं ते त्यालाच माहीत असतं. बाकी तीन माणसं कमी नाहीत हो. मुंबईत एएलएमची, म्हणजे महापालिकेसोबत काम करणाऱ्या गल्लीतल्या रहिवाशांच्या गटांची, सुरुवात 1997 मध्ये घाटकोपरच्या जोशी लेनमधून झाली, एका गल्लीतून, ओला-सुका वेगळा करण्यापासून, आणि नंतर महापालिकेने ती पद्धत शहरभर उचलली. पुढे बऱ्याच एएलएम नावापुरत्या उरल्या हेही तितकंच खरं, कारण गल्लीची समिती झाली की तिला अध्यक्ष लागतो आणि अध्यक्षाला बॅनर. पिंपरी-चिंचवडमध्ये 2022 पासून आठही क्षेत्रीय कार्यालयांत सोमवारी जनसंवाद सभा सुरू केल्या, तिथे माणसं कचऱ्याचे फोटो छापून नेतात, मोबाईल पुढे करत नाहीत. तुम्हीही मीटिंगचा विषय एकच ठेवा, "कचरा" नाही तर "सकाळी गाडी किती वाजता यावी" एवढाच. आणि ग्रुपवर मीटिंगचं इतिवृत्त टाकताना कोण आलं होतं त्यांची नावं टाका. पुढच्या वेळी चार-पाच जास्त येतील, न आलेल्यांची नावं टाकली तर मात्र कुणीच येणार नाही.

आई 74 वर्षांची आहे, मी दिवसभर ऑफिसात. बीपी-शुगरसाठी दरवेळी खाजगी डॉक्टर परवडत नाही. वॉर्डात काही सोय असते का?
— कांदिवलीची वाचक

असते. मुंबईत 2022 पासून 'आपला दवाखाना' आहेत, सकाळी 7 ते दुपारी 2 आणि 3 ते रात्री 10, तपासणी आणि औषधं फुकट, रक्ताच्या बऱ्याच तपासण्याही. रात्री दहापर्यंत असल्यामुळे ऑफिसमधून येऊन तुम्ही आईला नेऊ शकता. शिवाय 70 च्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, आधारवर, घराला वर्षाला 5 लाखांपर्यंत इस्पितळाचा खर्च. आधारवरची जन्मतारीख आधी तपासून घ्या, आपल्या आयांच्या पिढीत निम्म्याजणी 1 जानेवारी किंवा 1 जूनला जन्मलेल्या असतात आणि साल पुढेमागे असतं. कार्डाची शिबिरं वॉर्ड ऑफिसात किंवा जवळच्या विरंगुळा केंद्रात होतात, तारीख तिथल्या फळ्यावर असते, आणि त्या केंद्रात आईला सकाळचा वेळही बरा जाईल, पत्ते खेळत असतील तर.